व्हायोलिनवर पोट भरन का? गावातून शिकणाऱ्यांसाठी

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीकडचा एक शेतकरी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या छपरीत येऊन बसला. चहा होईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्याडम, पोट्टीले व्हायोलिन शिकवाचं हाये जी. मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) नाटकात तुमचं आयकलं तेवापासून मांगंच लागली हाये. पन खरं सांगा, पोट भरन का याच्यावर?"

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळच्या गावात मी एकतीस वर्षं व्हायोलिन शिकवते. वडील झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाच्या, नाटकांत ऑर्गन वाजवायचे, त्यांच्या मागे बसून मी वाढले. नाटकं, भजनं, कथ्थकचे वर्ग, रेडिओ, सगळीकडे वाजवून झालं आहे. त्या माणसाला मी म्हटलं, भरतं काकाजी, पण एकटीने रंगमंचावर बसून वाजवण्यावर नाही भरत. जिला दुसऱ्याची साथ करता येते तिचं भरतं. आणि साथ करायचीच असेल तर शिकणं पहिल्या दिवसापासून त्या बेतानं व्हायला हवं. पुढचे सात-आठ महिने ते दोघं येत राहिले. तेव्हा थोडं थोडं जे सांगितलं, ते इथे एका जागी लिहून ठेवते.

आधी गळा

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनला नुसती काळी गुळगुळीत पट्टी. बोट केसभर सरकलं की सूर सरकला. बोट कुठे पडायला हवं हे डोळ्याला कळत नाही, कानालाच कळतं. म्हणून पहिले सहा महिने मी वाद्य हातात देत नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावायचं आणि पहाटे वीस मिनिटं गायचं. आधी नुसता सा, महिन्याभराने सा-प, मग सा-ग-प, मग सरळ सप्तक आणि अलंकार. फोनचा आवाज बारीक वाटला तर तो पितळेच्या रिकाम्या गुंडात, म्हणजे घागरीत, ठेवा, आवाज भरून येतो.

गावात भजनी मंडळ असतंच. मुलीला तिथे बसवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर ऐकत वाढलेल्या मुलांना लय शिकवावी लागत नाही, ती अंगात बसलेली असते. एवढंच की सूर मात्र पेटीवरून पक्के करू नका. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीचे बारा सूर सारख्या अंतराने बसवलेले असतात. पेटीवर कान तयार झाला की व्हायोलिनचं बोटही तसंच चढं पडतं, आणि ते उतरवायला पुढे वर्षं जातात.

बापाला हे पटलं नाही. "वाद्य नाई देलं तं पोट्टी कटारन," म्हणाला. काही मुलं कंटाळतात, खरं आहे. पण ती पैसे खर्च व्हायच्या आधी कंटाळतात. घरात धानाच्या चुकाऱ्यातून आलेला पैसा मोजून वापरायचा असतो, तिथे याला किंमत आहे.

वाद्य घेताना

व्हायोलिन मापाने मिळतं: पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण. वयावरून माप ठरवू नका. मुलीचा डावा हात पूर्ण लांब करा, व्हायोलिन खांद्याला लावा. टोकाचा गोल वळसा तिच्या तळव्यात आला आणि बोटं त्याभोवती सहज वळली तर माप बरोबर. "पुढे कामी येईल" म्हणून मोठं घ्याल तर मनगट वाकडं वळतं, आणि ते वळण मोठेपणीही जात नाही. नवीन साधं व्हायोलिन पाच-सात हजारांत येतं. त्याहून स्वस्त सहसा खेळणं निघतं. जुनं मिळालं आणि कोणी जाणतं पाहून देणारं असेल तर जुनंच घ्या. आपल्या देशात उत्तर प्रदेशातल्या रामपूरला आणि कोलकात्याला व्हायोलिन बनवणारे कारागीर आहेत, तिकडची जुनी वाद्यं नागपुरात कधीमधी मिळतात.

दुकानात चार गोष्टी पाहा. खुंट्या फिरवल्यावर जागच्या जागी थांबतात का. पट्टीवरून एका डोळ्याने पाहिलं तर ती सरळ आहे का. घोडी, म्हणजे ब्रिज, ताठ उभी आहे का. आणि उजवीकडच्या इंग्रजी एफसारख्या भोकातून आत डोकावून पाहा, एक छोटी लाकडी दांडी उभी दिसली पाहिजे. तिला साउंड पोस्ट म्हणतात. ती चिकटवलेली नसते, वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबाने उभी असते. चारही तारा एकदम सैल केल्या की ती पडू शकते, आणि पडली की व्हायोलिन मुकं होतं. तारा बदलायच्या तर एकेक बदला. आपल्याकडे ती दांडी परत उभी करून देणारा माणूस गाठायचा म्हणजे नागपूर, दिवस गेला आणि गाडीभाडं गेलं.

आता आपल्या हवामानाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या मास्तरांना हे सांगावं लागत नाही. व्हायोलिनचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस उष्णतेने मऊ पडतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. माझ्या एका विद्यार्थ्याचं व्हायोलिन एसटीच्या टपावर चार तास राहिलं, उतरवलं तेव्हा मान अंगापासून सुटली होती. उन्हाळ्यात ते मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीलगत, पेटीत बंद ठेवा. कूलरसमोर कधीच नको. कूलरची ओली हवा दिवसभर लागली की खुंट्या फुगून घट्ट बसतात, आणि कूलर बंद झाला की सुकून सुटतात. रोज असं झालं तर फळीला चीर जाते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्यातून एकदा त्या तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. खुंटी सरकत असेल तर फळ्यावरचा पांढरा खडू तिच्यावर हलका घासा. घट्ट बसत असेल तर कोरडा साबण. वाजवून झालं की बोचे, म्हणजे तारांवर फिरवायच्या गजाचे, केस सैल करायचे, तारांवर पडलेली राळ सुती फडक्याने पुसायची. बोचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात. त्यांना हात लावू नका, बोटाचं तेल लागलं की त्या जागी राळ धरत नाही आणि बो घसरतो.

बसणं आणि बो

पाश्चात्त्य पद्धतीत व्हायोलिन हनुवटीखाली धरून उभ्याने किंवा खुर्चीवर वाजवतात. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवायचं आणि मागचा भाग डाव्या खांद्याजवळ छातीला लावायचा. अशा बैठकीत डावा हात वाद्याचं ओझं उचलत नाही, मोकळा राहतो, म्हणून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं, घेता येते. व्हायोलिन युरोपातून आलं. दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर यांनी ते आपल्या संगीतात आणलं, आणि आपल्या लोकांनी त्याला मांडीवर बसवलं. ही बैठक कमी प्रतीची आहे असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

जुळवणीच्या दोन-तीन पद्धती आहेत. मी जाड तारेपासून प, सा, प, सा अशी लावते. काळी एकचा षड्ज धरला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा मानली, तर जाड तार पाश्चात्त्य जुळवणीतल्या सुरापेक्षा पेटीची एक पट्टी वर जाते आणि सगळ्यात बारीक तार तीन पट्ट्या खाली येते. त्यामुळे बारीक तार ढिली वाटली तर घाबरून ताणू नका.

पहिले तीन महिने डावा हात मोकळा. फक्त उघड्या तारा आणि बो. बो घोडीला समांतर चालला पाहिजे. समोर आरसा ठेवा, कपाटाचा आरसा चालतो. केसांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बो आठ मात्रांत, मग बारा, मग सोळा. आवाज सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सारखा यायला हवा. टोकाकडे तो पातळ होतो कारण तिथे हाताचं वजन पोचत नाही. तर्जनीने किंचित दाब वाढवायचा आणि बुडाकडे येताना करंगळीने वजन झेलायचं. हे लिहायला एक ओळ लागते आणि हाताला दीड वर्ष. मुलं इथेच घाई करतात, आईवडीलही करतात, "अजून गाणं येत नाही का" विचारतात. गाणं डाव्या हातात असतं असं त्यांना वाटतं. माझ्या मते ऐकणाऱ्याला जे आवडतं त्यातलं तीन चतुर्थांश उजव्या हातात असतं.

काही शिक्षक पट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावतात. मी लावत नाही. सहा महिने गायलेल्या मुलीला त्या लागत नाहीत.

रोवणा आणि रियाज

शहरातली मुलं बारा महिने सारखा रियाज करतात. आपल्या मुलींना ते जमत नाही. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत, आषाढ-श्रावणात, पोरी बांधीत दिवसभर पऱ्हे (भाताची रोपं) लावतात. पाण्यात भिजून बोटांची टोकं मऊ पडतात, त्या बोटांनी पोलादी तार दाबली की कातडी फाटते. मी हे स्वतः सोसलं आहे. म्हणून त्या महिनाभरात वाद्य बंद, फक्त पाठांतर: बंदिशी, नांद्या, भजनं, राग ओळखणं. रोवता रोवता गाता येतं. कापणीत हात आखडतात, तेव्हा संध्याकाळी फक्त लांब बो. खरा जड रियाज पौषापासून वैशाखापर्यंत ठेवायचा, पहाटे, ऊन तापायच्या आत.

किती वेळ? पहिल्या वर्षी रोज अर्धा तास. तिसऱ्या वर्षी दीड तास. व्यवसाय करायचा ठरला की तीन ते चार तास, पण तुकड्यांनी. पंचवीस मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं वाद्य खाली. विसाव्या वर्षी परीक्षेसाठी मी रोज सात-सात तास बसायची, डावा खांदा कानाकडे उचलून. कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या यायला लागल्या आणि मी कोणाला सांगितलं नाही. शेवटी आठ महिने व्हायोलिनला हात लावता आला नाही. थकवा सकाळी झोपून उठल्यावर जातो. जो दुखरेपणा सकाळीही तिथेच असतो, किंवा मुंग्या येतात, तो थकवा नाही. त्या दिवशी वाजवणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा.

गुरू

तालुक्याच्या ठिकाणी व्हायोलिन शिकवणारा मिळेल याचा भरवसा नाही. मी नागभीडहून नागपूरच्या इतवारीला नॅरोगेजने जायची. शंभरेक किलोमीटर, चार-पाच तास, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं व्हायोलिन. ती छोटी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, पण तिने मला पंधरवड्याला एक धडा दिला आणि धडा कसा वापरायचा हेही शिकवलं. जाताना वहीत तीनच प्रश्न लिहून न्यायचे. परत येताना गाडीतच सगळं गुणगुणून पाठ करायचं, घरी पोचेपर्यंत विसरतं. आता मोबाइल आहे, गुरूंची परवानगी घेऊन धडा रेकॉर्ड करा. ऑनलाइन धड्यात राग, बंदिश, तान चांगली शिकता येते. बो शिकता येत नाही. बो शिकवताना गुरूचा हात तुमच्या मनगटाला लागावा लागतो. म्हणून पहिली दोन वर्षं महिन्यातून दोनदा तरी समोर जाऊन बसा, मग बाकीचं फोनवर चालेल.

ऐकण्याबद्दल: गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम. चौघांनाही ऐका आणि एकच बंदिश दोघांकडून ऐका. राजमबाई कर्नाटक पद्धतीत शिकल्या आणि मग गायक ओंकारनाथ ठाकुरांकडून त्यांनी हिंदुस्थानी गायकी घेतली. त्यांच्या बोत श्वास कुठे घेतला जातो ते पाहा. भावगीतं वाजवायची असतील तर प्रभाकर जोग. ते वाजवत तेव्हा गाण्याचे शब्द ऐकू येत.

यांच्या वादनाइतकीच त्यांच्या पोटापाण्याची माहितीही आपल्या कामाची आहे. गजाननराव गायकही होते आणि आकाशवाणीतही होते. व्ही. जी. जोगांनी आकाशवाणीत नोकरी केली. राजमबाईंनी बनारस हिंदू विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं. प्रभाकर जोग सुधीर फडक्यांचे सहायक होते आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत वाजवत. एवढ्या मोठ्या माणसांची चूल नुसत्या मैफलींवर पेटत नव्हती. त्या शेतकऱ्याला मी हेच सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा सैल होऊन बसला.

परीक्षा आणि कॉलेज

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बहुतेकांना माहीत असतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. द्या, अवश्य द्या. शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघाली की कागद लागतो. पण परीक्षा पास होणं आणि वाजवता येणं या दोन गोष्टी आहेत. मी ज्या क्लासमध्ये दोन वर्षं काढली तिथे अभ्यासक्रमातले तेवढे राग एकाच पट्टीत, म्हणजे एकाच सा वरून, पाठ करून घेत. परीक्षेत चांगले गुण मिळाले. त्याच वर्षी एका नाटकात गायिकेचा आवाज बसला होता, तिने ऐन वेळी पट्टी दोन सुरांनी उतरवली, आणि मला तिच्यामागे जाता आलं नाही. पहिल्या अंकभर मी बो तारेवर ठेवून बसून राहिले. तेव्हापासून माझ्याकडचं प्रत्येक गाणं मुलांना चार पट्ट्यांत वाजवावं लागतं.

बारावीनंतर संगीतातच पदवी करायची असेल तर आपल्याला सगळ्यात सोयीचं खैरागडचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ. ते १९५६ मध्ये सुरू झालं. छत्तीसगडमध्ये असलं तरी नागभीड-वडशाकडच्या मुलांना मुंबई-पुण्यापेक्षा जवळ: गोंदियाची गाडी, तिथून डोंगरगड, पुढे बस. व्हायोलिन हा तिथे मुख्य विषय म्हणून घेता येतो. वसतिगृहात राहून दिवसाचे सहा तास संगीतात जातात, आणि चार वाद्यांची मुलं एकत्र राहिल्याने साथ आपोआप शिकली जाते.

शिष्यवृत्त्या आहेत, आपल्याकडे अर्जच कमी जातात. दिल्लीच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची) १० ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी आहे, ती महिना ५,००० रुपये दोन वर्षं मिळते. जाहिरात निघाली की त्या वर्षीच्या अटी नीट वाचून अर्ज करा. तोवर वादनाचं चांगलं रेकॉर्डिंग आणि गुरूंचं पत्र तयार ठेवा.

साथ

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर.

दिवाळीनंतर मंडया लागतात, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात आणि नाटकं सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची बाजारपेठ. गावोगावची मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटे पडतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांचं लक्ष गेलं. नागपूरच्या विद्यार्थ्याला वर्षात रंगमंचावर बसायला दोन-चार वेळा मिळतं. आपल्या मुलीला एका हंगामात तीस-चाळीस रात्री मिळू शकतात. एवढं शिक्षण कुठलंच कॉलेज देत नाही.

पण ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड यांच्यात व्हायोलिन ऐकू जात नाही. घोडीजवळ लावायचा कॉन्टॅक्ट पिकअप, म्हणजे वाद्यालाच चिकटणारा छोटा माइक, घ्या आणि स्वतःची वायर न्या, मंडपातल्या वायरवर विसंबू नका. डिसेंबरात मध्यरात्रीनंतर गारठा वाढतो तशा तारा हलतात. दर प्रवेशानंतर बोटाने तार हळू छेडून कानाशी धरून जुळवायची, बो न लावता, म्हणजे संवादात विघ्न येत नाही.

गाण्यामागे कसं जायचं? गायकाच्या अर्ध्या श्वासामागे. तो शब्द उच्चारत असताना फक्त लांब सूर धरायचा, शब्द संपला की त्याच्याच शेवटच्या जागेतून छोटा तुकडा काढायचा आणि तो श्वास घेऊन परत यायच्या आत संपवायचा. त्याने घेतलेली तान तशीच्या तशी परत वाजवून दाखवू नये, त्याला ते आव्हान वाटतं. गायक चुकला, अंतरा सोडून मुखड्यावर आला, तर चूक आपली असल्यासारखं त्याच्यासोबत जायचं. लोक पुढच्या वर्षी परत बोलावतात ते याच्यासाठी. मी चांगले चांगले हात पाहिले आहेत ज्यांना दुसऱ्यांदा बोलावणं आलं नाही, कारण ते गाण्याच्या मधोमध आपलं वादन ऐकवत बसायचे.

साथीचा आणखी एक प्रकार म्हणजे लेहरा. तबल्याच्या एकल वादनाला आणि कथ्थकला तालाच्या आवर्तनाएवढी एकच सुरावट अखंड फिरवत राहावी लागते. तीनतालाचे, झपतालाचे आणि रूपकाचे दोन-दोन लेहरे तीन लयींत पक्के करा. तबला-कथ्थकच्या परीक्षांच्या दिवसांत चंद्रपूर, नागपूर, गोंदियाकडून बोलावणी येतात. काम कंटाळवाणं वाटतं, पण लय त्यानेच पक्की होते आणि बिदागी त्याच दिवशी हातात पडते.

बिदागी आधी ठरवा. जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि मुलगी असेल तर परतायची सोय, हे सगळं फोनवर स्पष्ट बोला. पहिल्या दोन वर्षांत मुलीसोबत घरचं माणूस असलंच पाहिजे.

बाकीच्या वाटा

आकाशवाणीची ऑडिशन द्या. नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात. त्यावर महिन्याचा खर्च भागत नाही, पण श्रेणी मिळालेल्या कलाकाराला संस्था वेगळ्या नजरेने पाहतात. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

आपल्याकडची मुलं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. त्यांच्यातल्या संगीत येणाऱ्यांना माहीत नसतं की हवाई दलात संगीतकारांची वेगळी अग्निवीरवायू भरती निघते. दहावी पास, अविवाहित, मुलगा किंवा मुलगी. वाद्यांच्या यादीत व्हायोलिन आहे. १.६ किलोमीटर धावायचं, वादनाची चाचणी द्यायची. नोकरी चार वर्षांची, त्यातून २५ टक्क्यांपर्यंत पुढे घेतात. तिथे स्वरलिपी वाचता यायला लागते, म्हणून चौथ्या-पाचव्या वर्षापासून पाश्चात्त्य पाच रेघांची लिपी शिकायला घ्या. रोज पंधरा मिनिटं दिली तर वर्षात वाचता येते. ही लिपी ज्याला येते त्याला स्टुडिओतही काम मिळतं. पूर्वी मुंबईत सिनेमाच्या एकेका गाण्याला डझनांनी व्हायोलिनवाले बसत, त्यात गोव्याचे बरेच होते. सिंथेसायझर आल्यावर ती कामं फार कमी झाली. त्यामुळे स्टुडिओच्या भरवशावर घर सोडून मुंबईला जाऊ नका.

सिंफनी ऑर्केस्ट्राची वाट वेगळी आहे. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. परदेशातल्या ऑर्केस्ट्रांत पडद्याआड बसवून ऑडिशन घेतात, वाजवणारा कोण हे परीक्षकांना दिसू नये म्हणून. पण त्यासाठी पाच-सात वर्षांच्या वयापासून पाश्चात्त्य पद्धतीत, चारही बोटांनी, रोज शिकवणारा माणूस लागतो. अशक्य मात्र नाही. पश्चिम बंगालातल्या कालिम्पोंगला गरीब शेतमजुरांच्या मुलांसाठी १९९३ मध्ये निघालेल्या गांधी आश्रम शाळेत प्रत्येक मूल व्हायोलिन शिकतं, आणि त्यातली काही मुलं पुढे व्यवसायात गेली. आपल्या जिल्ह्यात तशी एखादी शाळा व्हावी ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आणि शिकवणी. माझ्या स्वतःच्या कमाईचा हिशोब त्या काकाजींना वही उघडून दाखवला: निम्म्याच्या आसपास शिकवणी, चौथा हिस्सा नाटकं, उरलेल्यात लेहरे, भजनं, लग्नाचे कार्यक्रम आणि रेडिओ. एकल मैफलींचा पैसा वर्षात एका महिन्याचा किराणा होईल एवढा. दोन एकर धानही आहे, ते लपवत नाही. या पैशावर दोन मुलांचं शिक्षण झालं. त्याने वही दोनदा वाचली आणि विचारलं, "पावसाळ्यात काईच नाई येत का जी?" पावसाळ्यात शिकवणीच, म्हणून पोळ्यापर्यंत पुरेल एवढं उन्हाळ्यातच बाजूला ठेवायचं.

फाल्गुनात तिचे गाण्याचे सहा महिने संपले. अर्ध्या मापाचं जुनं व्हायोलिन मिळालं, आता उघड्या तारांवर लांब बो चालू आहे, बारा मात्रांपर्यंत आली आहे. या मंडईला मी तिला माझ्यासोबत बसवणार आहे, ऑर्गनच्या मागे, वाद्य न घेता. रात्रभर फक्त ऐकायचं आणि दर गाण्याची पट्टी ओळखून वहीत लिहायची. बापाला सांगितलं आहे, सोबत चटई आणि दोन शाली आणा, पहाटे तीननंतर फार गारठतं.